शेजाऱ्यांनीही गावं म्हणून: आमच्या गीतसंध्येच्या प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर चर्चचा कारभार पाहणाऱ्या सेवक मंडळाची बैठक झाली. नाताळच्या आधी, डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी चर्चमध्ये गीतसंध्या करायची हे नक्की झालं. आजवर गायनवृंद गातो, मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, ऐकते आणि आजूबाजूच्या घरांतली दोन-चार माणसं दाराशी थोडा वेळ उभी राहून निघून जातात. यंदा मी मांडलं की शेजाऱ्यांना ऐकायला नको, गायला बोलवू या. ऐकणारा माणूस पाहुणा राहतो. गाणारा माणूस, निदान त्या गाण्यापुरता तरी, आपल्यातला होतो.

यावर बराच वेळ बोलणं झालं. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, "गाऊ दे की. पण ज्यांना आपलं एकही गीत माहीत नाही, ते कसे गाणार, ते आधी सांग." प्रश्न रास्त आहे. सगळ्यांना गाता आलं पाहिजे ही अट एकदा मान्य केली, की गीतांची निवड, पट्टी, छापील कागद, बसायची सोय, दारातल्या पायऱ्या, सगळंच नव्याने ठरवावं लागतं. उत्तर शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि नोंदी ठेवायचंही.

१३ सप्टेंबर, शनिवार

पायपेटी उघडली. पेटी दुरुस्त करणारे काका सकाळी आले ते दुपार कलेपर्यंत होते. दोन सूर मुके होते आणि एक सूर पट्टी न दाबताही वाजत राहायचा, म्हणून गेले कित्येक महिने आम्ही कीबोर्डवरच भागवत होतो.

मागची फळी काढली तेव्हा आत पितळी सुरांच्या रांगा दिसल्या. प्रत्येक सूर म्हणजे एका चौकटीत एका टोकाला पक्की केलेली पातळ पितळी जीभ. हवा चौकटीतून जाते तेव्हा जीभ खालीवर थरथरते आणि आवाज निघतो. जीभ आणि चौकट यांच्यातली फट इतकी बारीक असते की धुळीचा एक कणही तिला अडवायला पुरतो. काकांनी आकडीने मुका सूर अलगद ओढून काढला, मऊ ब्रशने झटकला, जिभेखालून पातळ कागदाची पट्टी सरकवून बाहेर ओढली आणि परत बसवला. सूर वाजला! नुसता कचरा होता. वाजत राहणाऱ्या सुराची झडप ओलसर हवेने फुगून नीट बसत नव्हती, तिच्यावरचा फेल्ट बदलला.

सूर लावायची पद्धत त्यांनी करून दाखवली. सूर उतरला असेल तर जिभेच्या टोकाजवळ किंचित घासायचं. टोक हलकं होतं, जीभ जलद हलते, सूर चढतो. चढला असेल तर मुळाशी घासायचं, तिथली ताकद कमी होते आणि सूर उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही, म्हणून ते एकदा घासून तीनदा ऐकत होते. भात्याच्या कापडाला दोन ठिकाणी चिरा होत्या, तिथे रबरी कापडाची ठिगळं लावली. आता पाय मारायला पूर्वीपेक्षा निम्मेच कष्ट पडतात.

शेवटी फोनवरच्या ट्यूनरने पट्टी तपासली. पांढरी सहा, म्हणजे सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, 'ए', ४३५ हर्ट्झच्या (सेकंदाला ४३५ कंपनांच्या) आसपास भरली. कीबोर्ड ४४० वर आहे. हा पेटीचा दोष नाही. फ्रान्सने १८५९ मध्ये 'ए' ४३५ ठरवला आणि त्या काळी अनेक वाद्यं त्याच मापाने बनली. ४४० वर आंतरराष्ट्रीय सहमती झाली ती १९३९ च्या लंडन परिषदेत. दोन्हींतला फरक सुमारे २० सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. ऐकायला थोडा वाटतो, पण दोन वाद्यं एकदम वाजली की कानाला खुपतो. सगळी पेटी घासून ४४० वर चढवायला काका तयार नव्हते आणि मलाही ते नको होतं. ठरलं असं, की गिटार पेटीवर लावायची आणि कीबोर्ड वापरलाच तर त्याचं फाइन ट्यूनिंग खाली आणायचं. जी वस्तू बदलणं सोपं, ती बदलावी.

२० सप्टेंबर, शनिवार

अवघड विषय निघाला. मंडळीतल्या एका कुटुंबाने चर्चच्या पूर्ण जमिनीवर जाड गालिचा घालून द्यायची इच्छा व्यक्त केली आहे. त्यांच्या घरात यंदा दुःख झालं, त्या स्मरणार्थ. भावना मोठी आहे. पण गालिचा पडला तर गीतसंध्येचा पायाच खचेल, असं मला मनापासून वाटतं. का ते लिहून ठेवते, म्हणजे बैठकीत नीट बोलता येईल.

सर्वसामान्य माणूस चारचौघांत कधी गातो? शेजारचाही गातोय हे ऐकू येतं तेव्हा. स्वतःचाच आवाज एकटा ऐकू आला की तो लाजतो आणि गप्प होतो. शेजारचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचवतात त्या भिंती, छत आणि जमीन. उघडी फरशी आवाज परत करते, गालिचा गिळतो. त्यातही उंच स्वर आणि शब्दांतली व्यंजनं आधी गिळतो, खालचा घुमारा तसाच ठेवतो. म्हणजे शब्द अस्पष्ट आणि गुणगुण जास्त.

या विषयाचं शास्त्र उभं केलं वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणालाच समजत नव्हतं, म्हणून १८९५ मध्ये ते काम त्यांच्याकडे आलं. रात्रीच्या शांततेत, ऑर्गनची एक नळी वाजवून, जवळच्या नाट्यगृहातल्या बाकांच्या गाद्या आणून मांडत आणि काढत त्यांनी आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं, ०.१६१ ने गुणायचं, एकूण ध्वनिशोषणाने, म्हणजे खोलीतल्या गोष्टी मिळून जितका आवाज गिळतात त्याच्या चौरस मीटरमधल्या मापाने, भागायचं. उत्तर सेकंदांत येतं.

आमचा हॉल १२ मीटर लांब, ८ रुंद, ५ उंच. घनफळ ४८०, गुणाकार सुमारे ७७. रिकाम्या हॉलचं शोषण अंदाजे ५० धरलं तर आवाज दीड सेकंद रेंगाळतो. बसलेला माणूस स्वतःच साधारण अर्धा चौरस मीटर शोषण घेऊन येतो. ७० माणसं आली की आकडा ८५ वर जातो आणि वेळ ०.९ सेकंदावर येतो. त्यावर बाकांनी झाकलेला भाग सोडून ६० चौरस मीटर गालिचा, चौरस मीटरला ०.३ धरला तरी आणखी १८. मग पाऊण सेकंद. पाऊण सेकंदात भाषण छान ऐकू येतं, समूहगान मात्र कोरडं पडतं. ज्यांना गायची सवय नाही, त्यांना तर तिथे आधारच उरत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

बैठकीआधी मी त्या कुटुंबाच्या घरी जाऊन आले. आकडे सांगितले नाहीत. मुलाला आणि त्याच्या आईला चर्चमध्ये घेऊन गेले, आम्ही तिघांनी मुलाच्या दिवंगत वडिलांचं आवडतं गीत म्हटलं. आधी मोकळ्या फरशीवर. मग शेजारच्या खोलीतल्या सतरंज्या, चादरी, जाड पडदे जमतील तितके जमिनीवर पसरले आणि तेच कडवं पुन्हा म्हटलं. आईंनी दुसऱ्या ओळीलाच थांबून सांगितलं, "यांचा आवाज इथे नाही राहणार."

त्यांनीच पर्याय सुचवला. मधल्या वाटेवर घसरू नये म्हणून अरुंद पट्टा, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागच्या चार बाकांवर पातळ उशा. स्मरणार्थ दान म्हणून सेवक मंडळाने ते आनंदाने स्वीकारलं.

बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात (३:१६) एकमेकांना शिकवा, बोध करा असं म्हणतानाच स्तोत्रांचा आणि गीतांचा उल्लेख येतो. एकमेकांना. गीत देवासाठी असतं, आणि बाकावर शेजारी बसलेल्यासाठीही. त्याला ते ऐकू जायला हवं, याहून मोठं कारण मला नको.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

शेजारच्या घरांना भेटी सुरू केल्या. दोघं-दोघं जायचं, पत्रक हातात द्यायचं पण आधी बसून बोलायचं, असं ठरवलं आहे. पहिल्याच संध्याकाळी जे कळलं ते इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

मागच्या भिंतीला लागून राहणारा तरुण रात्रपाळी करतो. रविवारी सकाळी तो झोपायला टेकतो आणि नेमका तेव्हाच आमच्या गायनवृंदाचा सराव सुरू होतो. त्याने कधी तक्रार केली नाही. आता सराव शनिवारी संध्याकाळी. दुसरं, दाराबाहेरचा कर्णा. तो रस्त्याकडे तोंड करून कित्येक वर्षं लावलेला आहे आणि समोरच्या घरातल्या आजींना कानात यंत्र घातलं की त्याचा फार त्रास होतो. कर्णा काढला. ज्याला ऐकायचं असेल तो आत येईल, आणि आत यावंसं वाटेल असं वागणं हे आमचं काम.

पत्रकावर स्पष्ट लिहिलं आहे की ही चर्चमधली संध्या आहे, गीतं ख्रिस्तजन्माची आहेत, कोणत्याही धर्माच्या किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या शेजाऱ्याचं स्वागत आहे. लपवून काही करायचं नाही. मंडळातल्या एकाने सुचवलं की दाराशी वही ठेवून नावं आणि फोन नंबर लिहून घ्यावेत, पुढे संपर्क करायला बरं. मी विरोध केला, पाळकसाहेबांनीही. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात वाटेवरच्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या शोमरोन्याने त्या माणसाची नोंद ठेवली नाही, त्याच्या जखमा बांधल्या. वही नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

गीतं निवडायला गिटार वाजवणारा मुलगा, दोन बाया आणि मी बसलो. पाळकसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळायचं होतं.

कसोट्या अशा लावल्या. चाल एका बैठकीत लक्षात राहावी. धृवपद वारंवार यावं. आणि आवाजाची मजल बेताची असावी. सराव नसलेल्या गळ्याला साधारण मधल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत, म्हणजे सप्तक आणि वर एक स्वर, इतकं आरामात जमतं. त्याच्या वर गेलं की पुरुष खर्जात उतरतात, बाया गप्प होतात आणि वरची ओळ गायनवृंदाच्या दोन-तीन आवाजांवर पडते.

'शांत रात्र' ('सायलेंट नाइट') वगळायचा प्रश्नच नव्हता, ती चाल शेजाऱ्यांपैकीही बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. पण तिची मजल मोठी आहे, एक सप्तक आणि वर आणखी तीन स्वर. आमच्या पुस्तकात ती काळी पाचमध्ये आहे, त्यामुळे सर्वांत वरचा स्वर काळी दोनवर जातो. अर्धा स्वर उतरवून पांढरी सहामध्ये घेतली. वरचा स्वर पांढरी दोनवर आला. खालचा शेवट बराच खाली जातो, पण खाली गुणगुणलं तरी चालतं, वर ओरडून चालत नाही.

या गीताचा जन्मच छोट्या चर्चमधला, त्यामुळे आम्हाला ते जवळचं. योसेफ मोर या तरुण धर्मगुरूने शब्द १८१६ मध्ये लिहिले. चाल फ्रान्झ ग्रुबर या शिक्षकाची, आणि २४ डिसेंबर १८१८ ला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या संत निकोलस चर्चमध्ये दोघांनी ते गिटारवर म्हटलं. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट आमचा गिटारवाला मोठ्या उत्साहाने सांगतो. ती मागाहून रचलेली आहे. ग्रुबरने १८५४ मध्ये स्वतः त्या रात्रीची हकिकत लिहिली, तीत ऑर्गन बिघडल्याचा उल्लेख नाही. मला खरी हकिकतच जास्त भावते: दोन आवाज, एक गिटार, मागे साथ देणारे मोजके लोक, आणि गीत जगभर गेलं.

ज्यांना शब्द माहीत नाहीत त्यांच्यासाठी जुनीच वाट धरणार आहोत. पुढच्याने एक ओळ म्हणायची, सगळ्यांनी तीच परत म्हणायची. १६४५ च्या वेस्टमिन्स्टर उपासना-निर्देशिकेत याची सोय आहे: बऱ्याच जणांना वाचता येत नसेल तर पाळकाने किंवा नेमलेल्या माणसाने स्तोत्र ओळीओळीने वाचून द्यावं. म्हणजे अडचण आमच्या एकट्याची नाही, आणि तोडगाही जुना, कसाला लागलेला आहे.

आणखी एक सोय गीतपुस्तकाच्या मागच्या पानांवर सापडली, वृत्तांची सूची. ८, ६, ८, ६ अक्षरांच्या मापात बसणारं कोणतंही गीत त्याच मापाच्या कोणत्याही चालीवर म्हणता येतं. तेव्हा एक चाल शिकवायची आणि तिच्यावर दोन गीतं घ्यायची. पाहुण्याला दुसरं गीत आपोआप 'येतं'. हा आनंद छोटा नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

छपाईआधी हक्कांचं पाहिलं. मूळ शब्द आणि चाल जुनी असली तरी भाषांतर नवं असू शकतं आणि त्याचा हक्क भाषांतरकाराचा वेगळा असतो. बर्न कराराप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं संरक्षण मिळतं, अनेक देशांत त्याहून जास्त. एका गीताचं भाषांतर अलीकडचं निघालं. परवानगीचं पत्र पाठवलं, तोवर ते कागदावर नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आजारपणामुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्यांकडे सराव नेला. गिटार आणि चार आवाज. आमच्या मंडळीतल्या एक आजी गेली काही वर्षं स्मृतिभ्रंशाने अंथरुणावर आहेत. मुलीला कधी ओळखतात, कधी नाही.

आम्ही नेहमीच्या वेगाने सुरू केलं. आजी छताकडे बघत होत्या. मुलगी म्हणाली, "ताई, खूप हळू म्हणा. आई श्वास घेईपर्यंत थांबा." आम्ही निम्म्या वेगाने म्हटलं, प्रत्येक ओळीनंतर थांबलो. दुसऱ्या कडव्याला आजींचे ओठ हलायला लागले. तिसरं कडवं आमच्यापैकी एकीला आठवेना, आजींना पूर्ण आठवत होतं. शब्द चुकला नाही, क्रम चुकला नाही. मग मुलीचा हात धरून त्यांनी तिला लहानपणीच्या लाडक्या नावाने हाक मारली.

अल्झायमरसारख्या आजारात बाकीचं विस्मरण वाढत असतानाही गाण्याची आठवण बऱ्याच जणांत तुलनेने टिकून राहते, हे वैद्यकीय अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. आम्हाला त्याचा अर्थ असा: अशा घरी जाताना लहानपणी शिकलेली गीतं न्यायची, नवी नाहीत. वेग त्यांच्या श्वासाचा. आणि ऐकवायला जायचं नाही, बरोबर म्हणायला जायचं. गीतसंध्येचंच तत्त्व एका खाटेच्या मापात.

मुलीने विचारलं, गीतसंध्येला आईला आणता येईल का. चाकाच्या खुर्चीवरून आणता येईल. पण दारात दोन पायऱ्या आहेत.

२ नोव्हेंबर, रविवार

पायऱ्यांचा प्रश्न मंडळापुढे ठेवला. दोन्ही मिळून उंची १ फूट. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं मान्य प्रमाण १ ला १२, म्हणजे १२ फूट लांब उतार. दारासमोर सरळ तेवढी जागा नाही, भिंतीच्या कडेने मात्र आहे. खजिनदारांना वाटत होतं ६ फुटांत भागेल, दोन माणसं ढकलतील. पण स्वतः खुर्ची चालवत येणाऱ्याला आत यायला दुसऱ्याचे हात लागू नयेत. चार जणांनी उचलून आत नेलं की त्याचं स्वागत होत नाही, त्याची वरात होते. १२ फूटच करायचं ठरलं. मंडळीतला सुतारकाम करणारा भाऊ लाकडी, काढता-घालता येणारा उतार बनवतो आहे, वर खरखरीत पट्ट्या आणि कडेला कठडा.

बाकांच्या दुसऱ्या रांगेतला अर्धा बाक काढून तिथे खुर्चीची जागा केली. मागे कोपऱ्यात नाही. मध्ये, गाणाऱ्यांत.

८ नोव्हेंबर, शनिवार

गीतांचे कागद छापले. अक्षर १८ पॉइंट, काळं, फिक्या पिवळसर कागदावर, एका पानावर एकच गीत. धृवपद प्रत्येक कडव्याखाली पूर्ण छापलं. 'धृ.' एवढंच लिहिलं की नवखा माणूस पान उलटून शोधत बसतो आणि गाणं पुढे निघून जातं. आपल्याला पाठ असतं म्हणून ही अडचण आपल्याला दिसत नाही.

भाषांतराची परवानगी आली, पत्रही फार प्रेमाचं. ते गीत घेतलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

गीतांच्या मधल्या बायबल-वाचनांचा क्रम ठरवला. नऊ वाचनं आणि गीतं हा नाताळचा जगभर रुळलेला ढाचा इंग्लंडमधल्या ट्रूरोचा. १८८० च्या २४ डिसेंबरला बिशप एडवर्ड बेन्सन यांनी तो पहिल्यांदा घेतला, तेव्हा तिथलं कॅथेड्रल बांधून व्हायचं होतं आणि उपासना लाकडी तात्पुरत्या इमारतीत चालत असे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एरिक मिलनर-व्हाइट यांनी १९१८ मध्ये, महायुद्ध संपल्यावर लगेच, तो आणला. १९२८ पासून रेडिओवरून तो घराघरांत गेला. मला त्यातलं सर्वांत आवडतं ते ट्रूरोचं एक ठरवणं: पहिलं वाचन गायनवृंदातल्या मुलाचं, मग चढत्या क्रमाने शेवटचं बिशपचं.

आमच्याकडे नऊ जास्त होतील, पाच घेतली. सुरुवात रविवार शाळेतल्या सर्वांत लहान वाचता येणाऱ्या मुलीने, शेवट मंडळीतल्या सर्वांत वयस्कर आजोबांनी. मधलं एक वाचन समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी मागून घेतलं. त्या आमच्या मंडळीच्या नाहीत. पाळकसाहेबांनी उतारा आठवडाभर आधी त्यांच्या घरी नेऊन दिला आणि त्यातली अवघड नावं म्हणून दाखवली.

मुलांसाठी नियम लिहून भिंतीवर लावले: सरावाला कायम दोन मोठी माणसं, खोलीचं दार उघडं, पालकांना विचारल्याशिवाय कोणत्याही मुलाचा फोटो नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

खुला सराव. शेजारचे बरेच जण आले, रात्रपाळीवाला तरुणही. तो व्हायोलिन वाजवतो! भिंतीपलीकडे इतकी वर्षं व्हायोलिन होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. त्याने पेटीचा 'ए' ऐकला, तारा थोड्या सैल केल्या आणि जमून गेला.

आजचा मुख्य निर्णय मात्र बसण्याचा. गायनवृंद नेहमी पुढे, मंडळीकडे तोंड करून उभा राहतो. तसं उभं राहिलं की समोरचे आपोआप श्रोते होतात, मग कितीही 'आपणही गा' म्हणा. म्हणून वृंद मोडला. प्रत्येक बाकावर एक-दोन जण, शेजाऱ्यांच्या मध्ये. पुढे फक्त पेटी, गिटार, व्हायोलिन आणि ओळ सांगणारी मी. वृंदातल्या दोघींना हे पटेना. चार आवाजांत, म्हणजे एकदम चार वेगवेगळ्या सुरावटींत, बसवलेली गीतं विखुरल्यावर सुटतील, ही त्यांची भीती खरी आहे. त्यावर तोड अशी निघाली: एक गीत वृंद पुढे येऊन पूर्ण तयारीने चार आवाजांत म्हणेल, बाकी सगळी बाकांवरून. सुंदर ऐकणंही माणसाला हवं असतं, ते हिरावून घ्यायचं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. उतार बसवला. सुतारभाऊने स्वतः खुर्चीवर बसून तीनदा वर-खाली करून पाहिलं, मग कठड्याची एक कड घासून गोल केली.

६ डिसेंबर, शनिवार

शेवटचा सराव. व्हायोलिनवाल्याला वरच्या स्वरांत खुलवायचं होतं, पेटी आणि तो दोघं मिळून माणसांचे आवाज झाकत होते. त्याला सांगितलं, पहिलं आणि शेवटचं कडवं नुसतं चालीबरोबर वाजव, मधल्यात मोकळा हो. शेवटच्या गीताचं शेवटचं कडवं वाद्यांविना घ्यायचं. वाद्य थांबल्यावर लोकांना कळतं की एवढा वेळ आपणच गात होतो.

१३ डिसेंबर, शनिवार

गीतसंध्या झाली. हॉल भरला, मागे काही जण उभे होते.

पहिलं गीत ओळीओळीने सांगून घेतलं. पहिल्या दोन ओळींना परत आलेला आवाज पातळ होता, वृंदातलेच ओळखीचे गळे. तिसऱ्या ओळीला डावीकडून एक जाड पुरुषी आवाज आला, सुराला थोडा सोडून पण मोकळा. त्याच्या आजूबाजूचे हसले आणि त्या हसण्यातून आणखी चार-पाच आवाज सुटले. दुसऱ्या कडव्यात मला ओळ सांगायची गरज राहिली नाही, तरी मी सांगत राहिले, मागच्यांपर्यंत कागद पुरले नव्हते. चौथं गीत त्याच चालीवर आलं तेव्हा पेटीने पहिले तीन स्वर वाजवले न वाजवले तोच लोक सुरू झाले.

छोट्या मुलीने वाचन एका दमात, कुठेही न थांबता वाचून टाकलं. शिक्षिकाबाईंनी असं वाचलं, की कित्येक वर्षं ऐकलेला उतारा मंडळी मान वर करून ऐकत होती. चार आवाजांचं गीत उत्तम झालं, त्या दोघींच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

आजी खुर्चीवरून आल्या, दुसऱ्या रांगेत मध्ये बसल्या. 'शांत रात्र' मी ठरल्यापेक्षाही हळू घेतलं. वाद्यांविना शेवटचं कडवं आलं तेव्हा फरशीवरून, छतावरून आवाज परत येत होता आणि तो कोणा एकाचा नव्हता. स्मरणार्थ उशा दिलेल्या त्या आई मागच्या बाकाशी उभ्या राहून गात होत्या.

१७ डिसेंबर, बुधवार

आढावा घेतला. कागद कमी पडले, पुढच्या वेळी दीडपट. उताराच्या तळाशी दिवा हवा, अंधारात कड दिसत नाही. मागच्या दोन रांगांना ओळ सांगणारा आवाज नीट गेला नाही, तिथे वृंदातलं एक जण ओळ परत म्हणायला ठेवू. उतार कायम राहील, उपासनेलाही.

शेजाऱ्यांकडून आपणहून तीन गोष्टी आल्या. परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी मुलांना अभ्यासाला हॉल मिळेल का, असं एका आईने विचारलं. दोन मोठी माणसं हजर राहण्याच्या अटीवर मंडळाने होकार दिला, शिक्षिकाबाई बसायला तयार आहेत. दुसरी मागणी महिन्यातून एकदा नुसतं एकत्र गायची, त्यात त्यांचीही गाणी असावीत अशी. पाळकसाहेब म्हणाले, शिकवायची तयारी ठेवा, आम्ही मागून म्हणू. तिसरी गोष्ट समोरच्या आजींची. त्यांची मैत्रीण घराबाहेर पडू शकत नाही, तिच्याकडे गायला याल का?

जानेवारीत घरभेटींची यादी केली आहे. व्हायोलिनवाला त्याची सुट्टी बघून येणार. पायपेटी घरोघर नेता येत नाही, तेव्हा गिटार आणि व्हायोलिन दोन्ही ४४० वर लावायचं, आणि चर्चमध्ये परत आल्यावर पुन्हा पेटीवर उतरवायचं.